डाव्या सीटवरचा वाटाड्या

मला मोटार चालवता येत नाही. तरुणपणी एकदा प्रयत्न केला होता. कंपनीची जीप मी अत्यंत डौलात पाटाच्या पाण्यात उतरवली, आणि मला बाहेर ओढून काढणारा शेतकरी म्हणाला, "सायेब, बैलाले तरी मालूम राह्यते, पानी कोठं हाये ते." त्या दिवसापासून मी चाकाला हात लावला नाही. पण मोटारीत बसावं कुठे, हे मात्र मला उत्तम समजतं. चालकाच्या डाव्या हाताला, पुढे. तिथून रस्ता दिसतो, वारा लागतो आणि मागच्यांना मान वळवून गोष्टी सांगता येतात.

बियाण्याच्या कंपनीत पंचवीस वर्षं माझी फिरतीची नोकरी होती. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतलं असं गाव नसेल, जिथे मी मोटारसायकलवरून गेलो नाही आणि कुणाच्या तरी ओसरीवर चहा प्यायलो नाही. कोणत्या नाल्याला पूर आला की किती तास थांबायचं, कोणत्या फाट्यावरचा हॉटेलवाला विचारलेला रस्ता मुद्दाम लांबचा सांगतो, सगळं मला पाठ. पुढे पाठीच्या मणक्यांनी दगा दिला आणि कंपनीने मला टेबलावर बसवलं. तेव्हापासून माझं फिरणं एकाच गाडीत उरलं: माझ्या मित्राच्या.

हा मित्र कॉलेजातला. अमरावतीत त्याचं खिळे, पाइप, नळ यांचं दुकान आहे. घरात लग्नाच्या पोरी भरपूर. आधी तीन पुतण्या, आता त्याची स्वतःची मुलगी. मुलगी नोकरीला पुण्यात, तिचा भाऊ त्याहून लांब. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मोठी माणसं मुलाचं घर पाहून येतात. विहिरीला पाणी किती, गोठ्यात जनावरं कशी आणि सासू बोलते कशी, हे बघायला. या मोहिमेवर निघायचे ते मित्र, वहिनी आणि वहिनींचा धाकटा भाऊ. म्हणजे तिघं. आणि शुभ कामाला आमच्याकडे तिघं निघत नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघंच असले तर चौथा म्हणून कुणीतरी खिशात सुपारी टाकतं, नाहीतर अंगणातला एखादा खडा उचलून गाडीत ठेवतं.

यांना खडा कधी लागला नाही. चौथा मी होतो. दर खेपेला गाडीत बसताना वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुमी नसते तं खडा घ्या लागला असता." मी छातीवर हात ठेवून मान लववायचो.

माझी स्वतःची सोयरीक कधी जुळली नाही. का, ती एक मोठी कथा आहे आणि मी ती दर वेळी वेगळी सांगतो. पण इतरांच्या सोयरिकीत मी इतकी वर्षं पोहे खाल्ले आहेत, की गावात शिरता शिरता फोडणीच्या वासावरून सांगू शकतो, हे लोक हो म्हणणार की नाही. पाहुण्यांच्या घरात आधी मी शिरायचो. रामराम घालायचो, त्यांच्या कपाशीच्या बियाण्याची चौकशी करायचो, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला हात लावायचो. पाच मिनिटांत बर्फ वितळायचा. मग मी बाजूला सरकायचो आणि मुद्द्याची बोलणी मित्र करायचा. परतताना गाडीत मी त्या घरातल्या सगळ्यांच्या नकला करायचो. वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटतं, आठवड्यातले बाकीचे दिवस मी त्या हसण्यावर काढायचो. घरी दोन खोल्या आहेत आणि मी आहे. रविवारी कुठे जाणं नसेल तर कुकरच्या तीन शिट्ट्या होतात आणि तेवढंच संभाषण.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या हिवाळ्यात मित्र माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "तुयाकडं एक काम हाये. गाडीले रस्ता दाखवायची मशीन घ्यायची हाये. तुयाइतका रस्ता कोणाले समजत नाही. तूच निवडून दे."

मी म्हणालो, "मोबाइल आहे की तुझ्याकडे."

"मोबाइलवर दुकानाचे फोन येऊन राह्यतात. त्या दिवशी मी एकटा जाऊन राहिलो होतो, नकाशा लावला होता. मधातच एका गिऱ्हाइकाचा फोन आला, अर्ध्या इंचाच्या पाइपाचा भाव विचारायले. त्याले भाव सांगू सांगू मी दर्यापूरच्या रस्त्याले लागलो. अन् तिकडं मेळघाटाच्या अंगाले तं रेंजच नसते. पोट्टा म्हणते, वेगळी मशीन घ्या, नकाशा तिच्या पोटातच राह्यते."

मी हसलो. फार सुंदर हसलो. राजाने म्हाताऱ्या प्रधानाला बोलावून सांगावं, बाबा रे, तुला माणसांची पारख आहे, तर आता नवा प्रधान तूच निवड. तेव्हा तो प्रधान दरबारात जसा हसेल, तसा. आणि म्हणालो, "चल, आत्ताच जाऊ."

अमरावतीत आमच्या ओळखीचं मोटारीच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदार मुसलमान गृहस्थ, आमच्याच वयाचे. त्यांचे आजोबा टांग्याच्या गाद्या शिवायचे, वडील जीपचे हूड शिवायचे, हे सीटकव्हर शिवतात आणि वर आरसे, हॉर्न, पायपुसणी विकतात. आमची मागणी ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अब कोन लेता ये, भाऊ? सब मोबाइल चिपकाते काच को. एकच पीस हाये माह्याकडं."

त्यांनी कपाटातून एक खोकं काढलं. आत तळहाताएवढा काळा डबा. मागे रबरी वाटी, ती काचेला दाबली की चिकटते. एक वायर, सिगारेट पेटवायच्या भोकात घालायची. पडदा लहान, पाच इंची, रंग फिकट. मला पाहताक्षणीच तो आवडला नाही, आणि म्हणून मी अत्यंत निःपक्षपातीपणे त्याची परीक्षा घ्यायला बसलो.

"वलगाव," मी म्हणालो. दुकानदारांनी बोटाने टाइप केलं. सापडलं.

"मोर्शी." सापडलं.

मग मी अशी गावं काढली, जिथे एसटी सुद्धा दिवसातून एकदाच जाते आणि तीही बोटं मोडत. तीही सापडली. मला घाम यायला लागला. शेवटी मी दोन गावांमधली एक पांदण विचारली, बैलगाड्यांची वाट, जिच्यावरून मी एका पावसाळ्यात मोटारसायकल खांद्यावर घेतल्यासारखी नेली होती. डबा गप्प. मी विजयाने मित्राकडे पाहिलं.

दुकानदार म्हणाले, "भाऊ, तुमी मशीन घ्यायले आले का मशीनची सोयरीक पाहाले? आता म्हणा, चालून दाखव. रांगोळी येते का, तेही इचारून घ्या."

मित्र इतका हसला, की त्याला ठसका लागला. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता आणि तो मला सुचला नव्हता याचं वाईटही वाटलं.

मी म्हणालो, एकाच स्थळावर होकार कसा द्यायचा, दुसरं पाहायला नको? तेव्हा दुकानदारांनी सांगितलं, की त्यांच्या साडूचं अकोल्याला असंच दुकान आहे आणि त्याच्याकडे एक मोठ्या पडद्याचा डबा पडून आहे. "असं करा. हा छोटा लावून अकोल्याले जा. रस्त्यात पाहून घ्या कसा चालते ते. नाई आवडला तं साडूच्या दुकानात ठेवून द्या, तो येईन तवा घेऊन येईन. अपने घर का मामला है."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. तो चाकावर, मी माझ्या जागी, आणि आम्हा दोघांच्या मधोमध काचेला चिकटलेला तो तिसरा. बडनेरा सुटेपर्यंत तो बोलला नाही. मी आपलं सुरू केलं. एका सरपंचाने मला भर सभेत जावई करून घ्यायचा कसा प्रयत्न केला, ही माझी ठेवणीतली गोष्ट. मित्राने ती बऱ्याचदा ऐकली आहे, पण मी दर वेळी सरपंचाच्या मिशा थोड्या वाढवतो. गोष्ट ऐन रंगात आली, सरपंच माइककडे निघाला, आणि डब्यातून बाईचा शांत हिंदी आवाज आला.

मित्राने हात वर केला. "थांब जरा. ती बोलून राहिली."

मी थांबलो. ती म्हणाली, सरळ चालत राहा, नऊ किलोमीटर. बस्स, एवढंच. मित्राने हात खाली घेतला, आणि म्हणाला, "हं, मंग?" पण सरपंच माइकजवळ पोहोचायचा तो पोहोचलाच नाही. वीस वर्षांत त्याने मला गोष्टीच्या मध्ये थांबवलं नव्हतं.

पुढे एका तालुक्याच्या गावाजवळ आलो. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "डावीकडं घे." डबा म्हणाला, सरळ. मित्राने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डावीकडे वळला. त्या गोष्टीबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. पण डावीकडचा रस्ता थेट बाजारात शिरला. त्या दिवशी आठवडी बाजार. पुढे कांद्याचा ढीग, मागे शेळ्या, बाजूला चपलांचं पाल, आणि पालवाला आमच्या बोनेटवर हात ठेवून सांगतो आहे, "भाऊ, बायपास सोडून इकडं काहून घुसले? नवीन हाये का?"

नवीन हाये का. मला. त्या गावातल्या निम्म्या कृषी केंद्रवाल्यांच्या लग्नात मी जेवलो आहे. मनात हिशोब केला, तर या रस्त्याने मी सात वर्षं आलो नव्हतो. रस्ता चौपदरी होऊन, गावाला वळसा घालून निघून गेला होता आणि मला कुणी कळवलं नव्हतं. काचेवरचा डबा सबंध वेळ अत्यंत सभ्यपणे मार्ग पुन्हा शोधत होता. मित्र शेळ्या सांभाळत गाडी मागे घेत होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

अकोल्याचे साडू साहेब उंच, सावकाश बोलणारे. आम्ही काचेवरून काढून आणलेल्या छोट्या डब्याशेजारी त्यांनी मोठा डबा ठेवला. सात इंची, चकचकीत, कडेला चंदेरी पट्टी. त्यात नकाशा होता, गाणी वाजत होती, फोटो दिसत होते. आवाज असा की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मी तो हातात घेतला आणि आम्ही नुकतेच जिथे शेळ्यांमध्ये अडकलो होतो ते गाव काढून पाहिलं. बायपास नव्हता. रस्ता गावातूनच जात होता, कांद्याच्या ढिगावरून, अगदी माझ्या डोक्यात होता तसा. मग मी परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याची गावं पाहिली. अर्धी नव्हतीच. त्या जागी नुसता हिरवा रंग.

तो डबा म्हणजे मीच होतो. मोठा, बोलका आणि सात वर्षं जुना.

साडू साहेब मला पाहत होते. हळूच म्हणाले, "भाऊ, सच बोलू? छोटावाला अच्छा है. इसका नक्शा पुराना है, नया आता भी नही."

मित्र बाहेर गाडीजवळ कुणाशी तरी पाइपाबद्दल फोनवर बोलत होता. तो आत आला आणि त्याने दोन्ही डब्यांकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. "हं, कोणता?"

वाचकहो, या ठिकाणी माणसाची परीक्षा असते. पुढच्याच रविवारी त्याच डोंगराच्या पायथ्याशी एका गावात त्याच्या मुलीसाठी घर पाहायला जायचं ठरलं होतं. छोटा डबा त्यांना दारात नेऊन उभं करणार, हे मला दिसत होतं. मोठा डबा त्यांना चुकवणार, हेही दिसत होतं. आणि चुकवणारा डबा गाडीत असेल तर डावीकडे कुणीतरी माहितगार हवाच.

मी घसा साफ केला आणि भाषण ठोकलं. आपली पन्नाशी उलटली, डोळ्यांना मोठा पडदा हवा. आपल्याकडच्या उन्हात फिकट पडदा काय कामाचा. आवाज असा हवा, की मागे वहिनींनाही ऐकू जावा. चालवताना गाणी ऐकता येतील.

"पण छोट्यानं तं बरोबर सांगितलं होतं बे," मित्र म्हणाला.

"हमरस्त्यावर कोणीही बरोबर सांगतं."

"तू म्हणशीन तो," मित्र म्हणाला आणि त्याने मोठा घेतला. साडू साहेबांनी छोटा डबा त्याच्या खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी मी शर्टाला इस्त्री केली. रविवारी सकाळी साडेसहाला दाढी करून, बूट घालून खुर्चीवर बसलो. सात वाजले. हॉर्न वाजला नाही. साडेसात वाजले. माझी घंटा बिघडली असेल म्हणून मी खाली जाऊन ती वाजवून पाहिली. मग फोन केला. वहिनींनी उचलला.

"भाऊजी, आमी वलगावले पोचलो."

मी म्हणालो, "अरे वा. मला वाटलं…"

"तुमाले कायले तरास म्हटलं. तुमचा मणका तसा. आता मशीन हाये ना."

"पण वहिनी, तिघंच निघालात?"

"तिघं कायचे? चौथी मशीन हाये ना. हळद-कुंकू लावून आणली तिले. सुपारी बोलत नाही, हे बोलते तरी."

मागून त्यांचा भाऊ ओरडला, "भाऊजी, चौथी तुमच्यापेक्षा कमी खाते." सगळे हसले. मीही हसलो. मी म्हणालो, "तिला पोह्याचं विचारा, लाजेल." आणखी हसले. मग फोन ठेवला आणि मी बूट काढले.

आता मला त्यांचा राग आला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही आला. त्यांनी मला टाळलं नव्हतं. माझं काम रस्ता दाखवण्याचं आणि चौथं होण्याचं होतं. ती दोन्ही कामं करणारी वस्तू मीच निवडून दिली होती. मग मला न्यायचं कशाला?

साडेदहाला फोन वाजला. मी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"लेका," मित्र म्हणाला, "मशीन म्हणते, तुमी पोचले. अन् आमी एका पऱ्हाटीच्या वावरात उभे हाओ. घर उजव्या हाताले म्हणते. उजव्या हाताले विहीर हाये."

मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, फार आनंद झाला. मी खुर्ची खिडकीशी ओढली, डोळे मिटले आणि म्हणालो, "फोन स्पीकरवर टाक. आजूबाजूला काय दिसतं ते सांग."

मग माझा प्रयोग सुरू झाला. परतवाडा सोडून चिखलदऱ्याच्या रस्त्याला लागलात का. लागलो. मग एक संत्र्याची मोठी बाग. हाव, गेली ती मागं. तर मागे फिर, बागेच्या कुंपणाला धरून चल, पुढे एक मोडका पूल. हाव, आला. शाब्बास. वहिनी, काय खाऊन राहिले तुम्ही, मला आवाज येतो आहे. चकल्या हायेत भाऊजी. एक माझ्या नावाने खा. खाल्ली. आता एक मोठा कडुलिंब येईल, त्याच्या बुडाशी दगड रंगवलेला आहे, तिथे उजवीकडे.

"लिंब नाही दिसून राहिला," मित्र म्हणाला.

"येईल. थोडं पुढे."

"इथं तं डांबरी सडक हाये नवीन. लिंब-बिंब काई नाही."

"असं कसं? मोठा आहे, दोन माणसांच्या कवेत मावत नाही. त्या लिंबाखाली मी पूर्ण एक पावसाळा थांबलो आहे. सरळ ये तू. लिंब लागला की उजवीकडे, मग शाळा. शाळेच्या पलीकडे एक उतार आहे, तिथे गाडी हळू घे, वहिनींना धक्का बसेल. उतार संपला की गाव. पहिलं घर पोलीस पाटलाचं, तिथे थांबू नका, तो सोडत नाही. त्याच्या पुढे गल्लीत वळा. गल्लीत वळलात का?"

उत्तर आलं नाही. मी फोन कानापासून दूर धरून पाहिला. तो केव्हाच बंद पडला होता. तिकडे रेंज नसते. मी डोळे मिटून कुणाला उतारावरून नेत होतो कोण जाणे.

संध्याकाळी मित्राने सगळं सांगितलं. लिंब रस्त्याच्या कामात कापला गेला होता. फोन तुटल्यावर ते तासभर भटकले. शेवटी एका शेळीवाल्या बाईने गाडीत पुढे बसून त्यांना गावात पोहोचवलं. दोन तास उशीर. मुलाचे आजोबा सकाळपासून धोतर-टोपी घालून ओसरीवर बसून होते; यांची वाट पाहून पाहून ते आत जाऊन झोपले, आणि त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. पोहे दोनदा गरम करून वाळूसारखे झाले होते. मुलाच्या बापाने टोमणा मारला, "पहिल्याच खेपेले वाट चुकले पाहुणे. पोरगी पाठवानं तवा बरोबर पाठवजा." हे सांगताना मित्र हसत होता. वहिनी हसत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "मोठं माणूस उपाशी बसून राह्यलं भाऊजी, आपल्यासाठी. पोरीचं नाव पहिल्याच दिवशी तोंडावर पडलं." आणि आत निघून गेल्या.

मी ती मुलगी पाळण्यात पाहिलेली. तिच्या लग्नाच्या कामात मी माझ्या सीटसाठी खोडा घातला होता.

सोमवारी मी ऑफिसातून सुटून थेट मित्राच्या दुकानात गेलो. तो खिळे तोलत होता. गिऱ्हाईक उभं होतं, पण थांबलो असतो तर मी बोललो नसतो.

"डबा मी मुद्दाम चुकीचा निवडला," मी म्हणालो.

तो खिळे तोलत राहिला. काटा सरळ झाल्यावर त्याने ते कागदात ओतले.

"काहून?"

"तुम्ही चुकाल. मग मला न्याल."

त्याने पुडीला दोरा गुंडाळला, एक गाठ मारली, दुसरी मारली, पुडी गिऱ्हाइकाला दिली आणि गिऱ्हाईक रस्त्याला लागू दिलं. मग म्हणाला, "तुले यायचं होतं तं सांगायचं ना, लेका. गाडीत जागा होती."

"सांगून यायचं नव्हतं."

 त्याला समजलं की नाही, मला ठाऊक नाही. तराजूतला एक उरलेला खिळा त्याने उचलून डब्यात टाकला.

"तुया वहिनीले सांगू नोको," तो शेवटी म्हणाला. "ती तुले घरात नाही घेणार. बुधवारी अकोल्याले चल. बदलून आणू."

बुधवारी आम्ही अकोल्याला गेलो. जाताना मोठा डबा माझ्या मांडीवर खोक्यात होता, हळदी-कुंकवासकट. कुंकू चंदेरी पट्टीच्या फटीत शिरलं होतं, ते मी रुमालाने काढत बसलो. साडू साहेबांनी मोठा डबा परत घेतला. कपाटातून छोटा डबा काढून समोर ठेवला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी त्या डब्यात ते डोंगराखालचं गाव काढलं. बोटाने रस्ता मागे-पुढे सरकवून पाहिला. संत्र्याची बाग जिथे आहे तिथून तो बरोबर वळत होता. मोडका पूल होता. नवीन डांबरी सडक होती. माझ्या लिंबाच्या जागी एक साधं वळण होतं आणि तिथून उजवीकडे, शाळेच्या बाजूने, गावापर्यंत रेघ जात होती. मी ते ठिकाण त्यात कायमचं साठवून दिलं. नाव विचारलं, तेव्हा मुलीचं घरचं लाडाचं नाव टाकलं.

"बरोबर हाये का?" मित्राने विचारलं.

"अगदी दारात नेईल," मी म्हणालो.

परतताना मी त्याला सरपंचाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. त्याने विचारलं, मी म्हणालो, मिशा फार वाढल्या आहेत, आता कापाव्या लागतील. माझ्या दारापाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, आणि पुढे पाहत म्हणाला, "रविवारी बोलणी हायेत. त्यायनं बोलावलं पुन्हा. आजोबायले बरं वाटलं पाह्यजे म्हणून आमचे काका येऊन राहिले, अन् साळ्याची बायको. आमी पाच जणं होऊन राहिलो."

पाच म्हणजे गाडी भरली.  मला वाटतं, मी काही म्हणायची तो वाट पाहत होता. मी म्हणालो, "पाच चांगला आकडा आहे." आणि उतरलो.

रविवारी मी शर्टाला इस्त्री केली नाही, पण फोन रात्रीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. नऊला ते वलगावला असतील. दहाला परतवाड्यात चहा. काकांना चहा लागतो. साडेदहाला फोन वाजला. मी उचलला. एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज होता, आमच्या सेवेबद्दल समाधानी असाल तर एक दाबा. मी एक दाबलं. तिने आणखी चार प्रश्न विचारले, मी सगळ्यांना उत्तरं दिली.

अकराला ते संत्र्याच्या बागेशी असतील. तिथूनच पुढच्या वावरातून मागच्या वेळी फोन आला होता. मी खिडकीशी बसून राहिलो. सव्वाअकरा. आता पूल. आता ते वळण. साडेअकरा वाजले. फोन गप्प होता. म्हणजे ते उजवीकडे वळले होते, शाळा मागे टाकली होती, आणि आजोबा धोतर-टोपीत ओसरीवर होते आणि पोहे गरम होते. डबा मी उत्तम निवडला होता.

मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले.